खोल समुद्रातील न्यूट्रिनो दुर्बीण : आराखड्याची सुरुवात कोठून करावी?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. खोल समुद्रात न्यूट्रिनो दुर्बीण उभारायची झाली तर आराखडा कशापासून सुरू करावा? दोन संवेदकांमधले अंतर आणि दुर्बिणीची खोली कशावर ठरते? आणि आपल्या कोकण किनाऱ्यासमोर अशी दुर्बीण का होऊ नये? संवेदकांची जुळणी आणि चाचणी हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. आराखड्याची सुरुवात पाण्यापासून करावी, कारण अंतरे पाणी ठरवते. त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक निर्णय मात्र एकाच वस्तुस्थितीला बांधलेला असतो : साडेतीन हजार मीटर खाली गेलेली वस्तू दुरुस्त करायला कोणी जाणार नाही.

आधी तत्त्व थोडक्यात सांगतो. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिसूक्ष्म कण आहे आणि तो स्वतः दिसत नाही. तो पाण्यात किंवा तळाच्या खडकात एखाद्या अणुकेंद्रावर आदळला आणि त्यातून म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) निघाला, तर तो म्यूऑन पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतो आणि आपल्या मार्गाशी सुमारे ४२ अंशांचा कोन करणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश मागे टाकत जातो. हा प्रकाश कोणत्या संवेदकावर केव्हा पोहोचला यावरून म्यूऑनची दिशा काढता येते आणि ऊर्जा जास्त असेल तर ती दिशा जवळजवळ न्यूट्रिनोचीच असते. खोल तलावात किंवा समुद्रात असे संवेदक ठेवण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ मोईसेई मार्कोव्ह यांनी १९६० मध्ये मांडली. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची पहिली नोंद १९६५ मध्ये झाली, ती कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि जवळपास त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील खाणीत. कोलारच्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. तेव्हाचे संवेदक एका बोगद्यात मावत होते. दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या न्यूट्रिनोंसाठी मात्र घन किलोमीटरच्या मापात पारदर्शक पदार्थ लागतो आणि असा पदार्थ निसर्गाने दोनच रूपांत दिला आहे : पाणी आणि बर्फ.

बर्फात हे काम दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो दुर्बिणीने २०१० पासून पूर्ण आकारात केले आहे. मग समुद्राच्या वाटेला कशाला जायचे? याचे उत्तर प्रकाशाच्या विकिरणात आहे. ध्रुवावरच्या खोल बर्फात प्रकाश दूरवर जातो, पण जाताना वारंवार वळतो. भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यात निळा प्रकाश साधारण ६० ते ७० मीटरमध्ये शोषला जातो, म्हणजे बर्फापेक्षा लवकर, परंतु तोवर तो बहुतांशी सरळ रेषेत येतो. त्यामुळे बर्फात ऊर्जेचे मापन चांगले होते आणि पाण्यात दिशेचे. सिसिलीसमोरच्या 'आर्का' या दुर्बिणीचे उद्दिष्ट अतिउच्च ऊर्जेच्या म्यूऑनसाठी ०.१ अंशाहून चांगली दिशा मिळवण्याचे आहे, ते पाण्याच्या या गुणावरच उभे आहे. दुसरे कारण भूगोलाचे आहे. वरून येणाऱ्या वातावरणीय म्यूऑनचा पाऊस इतका असतो की दुर्बीण मुख्यतः पृथ्वीच्या आरपार खालून वर येणारे कण पाहते. उत्तर गोलार्धातल्या दुर्बिणीला त्यामुळे दक्षिणेचे आकाश आणि आपल्या आकाशगंगेचे केंद्र पृथ्वीच्या आडून पाहता येते.

आता अंतरांकडे येऊ. 'आर्का' आणि फ्रान्समधील तूलाँसमोरची 'ओर्का' या दोन्ही दुर्बिणी 'केएम३नेट' या एकाच प्रकल्पाच्या आहेत, त्यांचे संवेदक सारखेच आहेत आणि तरीही त्यांची अंतरे एकमेकींशी जुळत नाहीत. आर्कामध्ये दोन उभ्या लाईन (तळाशी नांगरलेल्या, संवेदक लटकवलेल्या दोऱ्या) सुमारे ९० मीटर अंतरावर आहेत आणि एका लाईनवरचे दोन संवेदकगोळे (संवेदक बसवलेले काचेचे गोळे) ३६ मीटरवर. ओर्कामध्ये हीच अंतरे सुमारे २० आणि ९ मीटर आहेत. कारण असे की ओर्काला न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम शोधायचा आहे आणि त्यासाठी काही गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचे न्यूट्रिनो मोजायचे आहेत. त्या ऊर्जेचा म्यूऑन पाण्यात दर गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला जेमतेम चार-साडेचार मीटर धावतो, म्हणून ९० मीटरच्या जाळीत तो दोन लाईनींच्या मधल्या मध्ये संपून जाईल. आर्काचा म्यूऑन टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे हजारपट ऊर्जेच्या, पट्ट्यातला असतो, तो किलोमीटरहून अधिक धावतो आणि वाटेत कणांच्या सरी उधळत जातो. तिथे जाळी विरळ ठेवली की त्याच पैशात जास्त घनफळ मिळते. अंतर वाढवण्याला मर्यादा घालते ती पाण्याची शोषणलांबी, म्हणजे ज्या अंतरात प्रकाश बहुतांशी शोषला जातो ते अंतर. दोन लाईनींच्या मधून गेलेल्या म्यूऑनचा प्रकाश जवळच्या लाईनपर्यंत पोहोचताना एका शोषणलांबीहून फार जास्त प्रवास करत असेल, तर घनफळ कागदावर वाढते आणि प्रत्यक्षात आतला भाग आंधळा होतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की तुम्हाला कोणती ऊर्जा मोजायची आहे हे आधी एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिली नाही तर पुढची संगणकावरची सगळी अनुकरण-गणिते (सिम्युलेशन) दिशाहीन होतात.

खोलीचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. जितके खोल जावे तितके वरून येणारे म्यूऑन कमी होतात, दिवसाचा उजेड संपतो आणि सामान्यतः जैविक प्रकाशही, म्हणजे समुद्रजीवांनी टाकलेला प्रकाशही, घटतो. दुसऱ्या बाजूला दाब वाढतो आणि किनारा दूर जातो. आर्का सुमारे ३,५०० मीटरवर आहे, ओर्का सुमारे २,४५० मीटरवर. ओर्काच्या जवळच २,४७५ मीटरवर 'अँटारेस' ही आधीची दुर्बीण होती. तिच्या १२ लाईन २००८ मध्ये पूर्ण झाल्या आणि २०२२ पर्यंत ती मोजमाप करत राहिली. समुद्रात अशी दुर्बीण वर्षानुवर्षे चालते हे तिने सिद्ध केले.

समुद्राच्या अंधाराबद्दल एक गैरसमज आहे. खोल समुद्र काळोखा नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असते, त्यातला अल्पसा अंश किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो आणि त्यामुळे प्रत्येक लिटर पाण्यात सेकंदाला बारा-तेरा विघटने होतात. त्यातून निघालेला इलेक्ट्रॉन स्वतःचा चेरेन्कोव्ह प्रकाश टाकतो. तीन इंच व्यासाच्या एका फोटोमल्टिप्लायर नळीला (मंद प्रकाशाचे विजेच्या स्पंदात रूपांतर करणारी, संवेदकातली नळी) या एकाच कारणाने सेकंदाला हजारो स्पंद मिळतात. हा गोंगाट टाळता येत नाही, पण तो एकसारखा असतो, आणि संवेदकांच्या अंशांकनासाठी (कॅलिब्रेशनसाठी) त्याच्याइतका भरवशाचा स्रोत दुसरा नाही : एकाच विघटनाचा प्रकाश शेजारच्या दोन नळ्यांत एकदम पडतो, त्या जोड्यांच्या वेळा पाहून नळ्यांमधला नॅनोसेकंदांचा फरक काढता येतो आणि त्यांचे प्रमाण पाहून नळीची कार्यक्षमता घटली का हेही समजते. समुद्र स्वतःच चोवीस तास चाचणीचा दिवा लावून बसलेला असतो. जैविक प्रकाशाचे मात्र असे नाही. तो लहरींनी येतो. अँटारेसने २००९ आणि २०१० च्या वसंतात त्याची मोठी वाढ नोंदवली, आणि पुढे तिचा संबंध लायनच्या आखातात हिवाळ्यात थंड होऊन तळाशी बुडणाऱ्या पाण्याशी जोडला गेला. त्या काळात नळ्यांची मोजणी कित्येक पटींनी वाढत असे. म्हणून जागेची पाहणी एका मोसमात आटोपणारी माणसे मला धोकादायक वाटतात.

गोंगाट ओळखण्यासाठी केएम३नेटने घेतलेला निर्णय मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. अँटारेसमध्ये प्रत्येक मजल्यावर १० इंचाच्या तीन मोठ्या नळ्या तीन वेगळ्या काचगोळ्यांत होत्या. केएम३नेटने १७ इंच व्यासाच्या एकाच काचगोळ्यात तीन इंचाच्या ३१ नळ्या बसवल्या. प्रकाश गोळा करणारे एकूण क्षेत्र जवळजवळ तेवढेच राहिले, पण काचगोळे, जोड आणि पाणी शिरण्याच्या जागा कमी झाल्या. शिवाय प्रकाश कोणत्या बाजूने आला ते नळीच कळवते, आणि एका गोळ्यातल्या किती नळ्या एकदम पेटल्या हे मोजले की गोंगाट गळून पडतो. पोटॅशियमचा प्रकाश दोन-तीन नळ्यांत एकदम पडू शकतो, सात-आठ नळ्यांत क्वचितच. या ३१ पैकी १९ नळ्या खालच्या अर्धगोलात आहेत, कारण आपल्याला खालून येणारे कण हवे असतात आणि काचेच्या माथ्यावर कालांतराने गाळ व सूक्ष्मजीवांचा थर साचतो.

हा गोळा जवळून पाहण्यासारखा आहे. ३,५०० मीटरवर दाब सुमारे ३५० बार असतो. गोळ्याचे दोन अर्ध एकमेकांवर पाचशे टनांहून अधिक भाराने दाबले जातात, आणि तरीही मध्ये बोल्ट नाही, वंगण नाही, रबराची कडी नाही. घासून सपाट केलेली काच काचेवर टेकते, आतील हवा थोडी काढून घेतल्यामुळे जुळणीच्या टेबलावरच दोन्ही अर्ध घट्ट धरले जातात, बाहेरून जोडावर चिकट लगदा आणि पट्टी बसते आणि बाकीचे काम समुद्र करतो. नळी आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक सिलिकॉन जेल ओतलेले असते, म्हणजे प्रकाशाला हवेचा थर ओलांडावा लागत नाही. हे जेल दोन घटक मिसळून तयार होते. मिसळताना अडकलेली हवा निर्वात भांड्यात काढली नाही तर नळीच्या तोंडाशी बुडबुडा राहतो आणि जेल एकदा थिजल्यावर तो काढता येत नाही. आतील विद्युतमंडळाची उष्णता, म्हणजे जेमतेम सात वॉट, वरच्या काचेला चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या छत्रीतून पाण्यात जाते. भूमध्य समुद्राचा तळ सुमारे १३-१४ अंश सेल्सिअस असतो, तेवढे थंड पाणी पुरते. काचेला छिद्र एकच असते आणि त्यात टायटॅनियमचा जोड बसतो, ज्यातून वीज आत येते आणि प्रकाशतंतूने माहिती ये-जा करते. माझ्या मते चाचणीचा अर्ध्याहून जास्त वेळ या एका छिद्रावर खर्च केला तरी तो वाया जात नाही.

असे का, हे या क्षेत्राच्या इतिहासावरून कळते. हवाईसमोर सुमारे ४,८०० मीटर खोलीवर 'ड्युमांड' नावाची दुर्बीण उभारण्याचा प्रयत्न १९७० च्या दशकापासून चालला होता. डिसेंबर १९९३ मध्ये तिची पहिली लाईन तळाशी ठेवली गेली आणि थोड्याच वेळात पाणी आत शिरून ती बंद पडली. पुढे १९९० च्या दशकातच तो प्रकल्प गुंडाळावा लागला. भौतिकशास्त्र बरोबर होते, पाणी स्वच्छ होते, माणसे हुशार होती. कमी पडला तो एक जोड. दुसरा प्रसंग जपानच्या सुपर-कामिओकांडे या पाण्याच्या टाकीतल्या न्यूट्रिनो संवेदकाचा. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथे टाकीत पाणी भरताना एक नळी चिरडली गेली आणि तिच्या धक्क्याने साखळी पद्धतीने हजारो नळ्या फुटल्या. तिथल्या पाण्याची खोली समुद्राच्या मानाने काहीच नव्हती. त्यामुळे शेजारचा गोळा फुटला तर आपला गोळा टिकेल का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या महिन्यात विचारायचा असतो.

याच विचाराने समुद्राखालची विद्युतरचना शक्य तितकी साधी ठेवली जाते. कोणता स्पंद कामाचा आणि कोणता टाकाऊ, हा निर्णय तळाशी घेतलाच जात नाही. ठरावीक मर्यादेवरचा प्रत्येक स्पंद किनाऱ्यावर पाठवला जातो. एका स्पंदाची नोंद सहा बाइटची असते : कोणती नळी, केव्हा आणि स्पंद किती वेळ मर्यादेच्या वर होता. हिशेब करून पाहा. एका नळीला सेकंदाला साधारण ७,००० स्पंद, म्हणजे ३१ नळ्यांचे सुमारे २ लाख १७ हजार, म्हणजे एका गोळ्याकडून सेकंदाला साधारण १.३ मेगाबाइट. एका लाईनवर १८ गोळे आणि एका पूर्ण संचात ११५ लाईन धरल्या तर सेकंदाला २.७ गिगाबाइट होतात. प्रकाशतंतूंना हे जड नाही आणि किनाऱ्यावरचे संगणक दर काही वर्षांनी बदलता येतात. तळाशी बसवलेली निवडीची चिप बदलता येत नाही, आणि दहा वर्षांनी कोणाला वेगळाच संकेत शोधावासा वाटला तर गाळून टाकलेली माहिती परत मिळत नाही.

वेळ आणि स्थान हा भाग नवख्यांना रुक्ष वाटतो, पण दुर्बिणीची धार इथेच लागते. पाण्यात प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे २२ सेंटिमीटर जातो, म्हणून सगळ्या गोळ्यांची घड्याळे नॅनोसेकंदापर्यंत जुळलेली हवीत आणि त्यांची जागा दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत माहीत हवी. आर्काची समुद्री केबल सुमारे १०० किलोमीटरची आहे, तिच्यातून संकेत यायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो. त्यामुळे तो विलंब सतत मोजावा लागतो आणि त्यासाठी 'व्हाइट रॅबिट' हे काळ जुळवण्याचे तंत्र वापरले जाते. जागेचे दुखणे वेगळे आहे. आर्काची लाईन सुमारे ७०० मीटर उंच असते, खाली नांगर, वर तरंगती बोया आणि मध्ये चार मिलिमीटरच्या दोन दोऱ्या. प्रवाह काही सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने वाहिला तरी तिचा माथा मीटरच्या मापात सरकतो, आणि प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. लाईन बारीक ठेवण्याचे कारण हेच. प्रत्येक गोळ्यात ध्वनी ऐकणारा एक स्फटिक आणि होकायंत्र बसवलेले असते. तळावरचे ध्वनिस्रोत ठरावीक वेळाने आवाज करतात आणि त्यावरून लाईनचा आकार पुन्हा पुन्हा मोजला जातो.

याचे महत्त्व १३ फेब्रुवारी २०२३ रोजी दिसले. आर्काच्या तेव्हा फक्त २१ लाईन चालू होत्या. त्यांच्यातून सुमारे १२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (पेटा म्हणजे टेराच्या हजारपट) एक म्यूऑन जवळजवळ आडवा गेला. त्याला जन्म देणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट असावी, असा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत पाहिलेल्या कोणत्याही न्यूट्रिनोपेक्षा ती कितीतरी जास्त होती. चालू नळ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नळ्यांनी त्याचा प्रकाश पाहिला, म्हणजे दिशेची माहिती भरपूर होती. तरीही आकाशातली त्याची जागा सुमारे दीड अंशापर्यंतच सांगता आली आणि त्यातला मोठा वाटा प्रकाशाचा नव्हता, तर तळावर उभी असलेली संपूर्ण दुर्बीण पृथ्वीच्या संदर्भात नेमकी किती वळलेली आहे याच्या अनिश्चिततेचा होता. आतली मापे अचूक असूनही बाहेरचा दाखला ढिला राहिला. एखाद्या आकाशगंगेकडे बोट दाखवायचे असेल तर तळावरच्या नांगरांची निरपेक्ष जागा जहाजावरच्या उपग्रह-स्थाननिश्चितीशी काटेकोरपणे जोडण्याची मोहीम पहिल्या लाईनींबरोबरच आखावी, आणि चंद्राने अडवलेल्या विश्वकिरणांची (अवकाशातून येणाऱ्या, वातावरणात म्यूऑन निर्माण करणाऱ्या कणांची) म्यूऑनमधली सावली पाहून ती पडताळावी, असे माझे ठाम मत आहे.

लाईन खाली नेण्याची पद्धतही आराखड्याचाच भाग आहे. सातशे मीटर लांबीची, काचगोळे लटकलेली लाईन जहाजावरून सरळ सोडण्याऐवजी ती दोनेक मीटर व्यासाच्या गोल सांगाड्यावर गुंडाळतात आणि तो सांगाडा नांगरासह तळाशी ठेवतात. मग दूरनियंत्रित पाणबुडे यंत्र लाईनची केबल जंक्शन बॉक्सला, म्हणजे किनाऱ्याकडे जाणाऱ्या केबलच्या जोडपेटीला, जोडते. सांगाडा सोडला की तो फिरत फिरत वर येतो, लाईन उलगडत जाते आणि रिकामा सांगाडा पृष्ठभागावरून उचलून पुन्हा वापरतात. एका फेरीत अनेक लाईन नेता येतात, आणि जहाजाचा खर्च पाहता हे लहान यश नाही.

आता कोकणाचा प्रश्न. मुंबईसमोरचे सागरमंच, म्हणजे उथळ तळाचा पट्टा, शेकडो किलोमीटर रुंद आहे. अडीच-तीन हजार मीटर खोलीपर्यंत पोहोचायला सिसिलीच्या तुलनेत कितीतरी लांब केबल टाकावी लागेल, आणि तीही मासेमारीच्या जाळ्यांखालून. दुसरी अडचण जीवनाची आहे. अरबी समुद्र मोसमी वाऱ्यांमुळे जगातल्या अत्यंत उत्पादक समुद्रांपैकी एक आहे. जे मच्छीमारांचे भाग्य तेच आपले संकट, कारण वरचे जीवन मरून कणांच्या रूपाने खाली झरत राहते, पाणी गढूळ करते, काचेवर बसते आणि प्रकाशणाऱ्या जीवांना खाद्य पुरवते. लक्षद्वीपच्या आसपास तळ लवकर खोल जातो, त्यामुळे भारतासाठी कोणी गंभीरपणे विचार करणार असेल तर नजर तिकडे वळवावी, पण तिथली प्रवाळबेटे आणि तुटपुंज्या सोयी लक्षात घेऊन. विषुववृत्ताजवळच्या जागेचा एक खरा लाभ आहे : पृथ्वीच्या फिरण्याबरोबर जवळजवळ सगळे आकाश तिच्या टप्प्यात येते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर आणि दक्षिण चीन समुद्रात नव्या दुर्बिणींची तयारी चालू आहे, आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात पाण्याचे गुणधर्म मोजण्यापासूनच झाली.

तेव्हा विद्यार्थ्याने आज हातात काय घ्यावे? एक लहान लाईन आखावी : दोन-तीन संवेदकगोळे, माहीत असलेल्या तीव्रतेचे निळे एलईडी, प्रवाहमापक, एक बॅटरी आणि नांगर सोडून वर येण्याची सोय. ती निवडलेल्या जागी मोसमी पावसाआधी टाकावी आणि किमान एक संपूर्ण वर्ष खाली ठेवावी. एलईडीपासून वेगवेगळ्या अंतरांवर किती प्रकाश पोहोचला आणि त्यातला किती उशिरा पोहोचला, या दोन आलेखांतून शोषण आणि विकिरण वेगळे काढता येतात. नळ्यांच्या मोजणीतून पोटॅशियमचा स्थिर पाया आणि जीवांच्या लहरी वेगळ्या दिसतात. परत आल्यावर काचेच्या माथ्यावरचा थर मोजावा, टायटॅनियमचा जोड उघडून त्याखालची काच भिंगाखाली पाहावी आणि तिथे चिरेचा माग नसेल तरच पुढच्या लाईनचे काम सुरू करावे.